वहिनीच्या नावावरचे पॉइंट

चॅड्रन, नेब्रास्का
३ मार्च २०१९

ती. आर्डिथवहिनींस, व्हर्लिनचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र आणि लेफ्सा, त्या बटाट्याच्या पोळ्या, पोचल्या. लेफ्सा कागदाला चिकटल्या होत्या, म्हणून मी कागदासकट गरम केल्या आणि कागद नंतर काढला. चवीत फारसा फरक पडला नाही. इकडे बर्फ अजून कुंपणाच्या खालच्या तारेपर्यंत आहे. डावा कान आता साफ कामातून गेलाय, तेव्हा फोन करू नका, पत्रच लिहा.

एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची राहून गेली. ऑरिनदादा गेला त्या दिवसांत ती काढणं बरं दिसलं नसतं. दादा दर वर्षी वायोमिंगच्या हरणाच्या परवान्यासाठी पॉइंट घ्यायचा हे तुम्हाला ठाऊक आहेच. परराज्यातल्या माणसाला तिकडचा चांगला डोंगर हवा असेल तर वर्षानुवर्षं पॉइंट साठवावे लागतात. ज्याचे जास्त, त्याचा नंबर आधी. पण तो स्वतःबरोबर तुमच्याही नावाने घ्यायचा, हे बहुधा तुम्हाला माहीत नसेल. वाईट वाटून घेऊ नका. निम्मे नवरे हेच करतात. माझ्या शेजाऱ्याने सासूच्या नावानेही घेतलेत, आणि ती मांस खात नाही.

दादाचे पॉइंट दादाबरोबर गेले, ते कुणाला मिळत नाहीत. तुमचे बारा मात्र शाबूत आहेत. पण लागोपाठ दोन वर्षं अर्जही नाही आणि नवा पॉइंटही नाही असं झालं, की तिकडचं शिकार खातं सगळे पॉइंट पुसून टाकतं. मागचं वर्ष दुःखात गेलं. यंदाही काही केलं नाही तर बारा वर्षं पाण्यात. अर्जाची मुदत मे अखेर. विचार करून कळवा.

तुमचा,
व्हर्लिन

डेकोरा, आयोवा
१२ मार्च २०१९

चि. व्हर्लिनभावोजींस, आर्डिथचे अनेक आशीर्वाद.

दर उन्हाळ्यात हे माझ्यापुढे एक कागद सरकवायचे आणि मी सही करायचे. मला वाटायचं विमा आहे. म्हणजे मी बारा वर्षं निर्धास्त होते ती हरणाच्या भरवशावर. असो.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मग माळ्यावरून त्यांची रायफल काढली आणि पुसली. तुम्हाला हसू येईल, पण मी काही नवखी नाही. तीस वर्षं नोव्हेंबरात तुम्हा पुरुषांसाठी ओढ्यातून हरणं हाकली ती मीच, आणि गोळी घातल्यावर ती शोधत फिरले तीही मीच. आपली हिवाळ्याची मांसाची पेटी निम्मी माझ्या बंदुकीने भरायची, हे तुम्ही जेवायला यायचात तेव्हा तुम्हाला चांगलं आठवायचं.

हे नेहमी बिस्किट क्रीकच्या वरच्या त्या डोंगराचं बोलायचे, जिथे तुम्ही दोघे तरुणपणी जायचात. मी विचारायचे की आपण कधी जायचं. म्हणायचे, अजून दोन पॉइंट होऊ देत, मग तुला असं हरीण दाखवतो की बघतच राहशील. दोन झाले की परत दोन.

मला जायचंय. पण अर्ज नेमका कुठे करावा ते कळत नाही. चर्चमधली मॅक्सीन कॅन्ससला जाते, तिथे म्हणे गाडीतून उतरावंही लागत नाही. तुम्ही जाणते आहात, नीट सांगा. तुमच्या कानाला गरम मिठाची पुरचुंडी लावून बघा.

लोभ आहे, तो पातळ होऊ देऊ नका.

आपली,
आर्डिथ

चॅड्रन
२० मार्च २०१९

ती. वहिनींस, शिरसाष्टांग नमस्कार.

मीठ लावलं. आता कानात मीठ आहे.

अर्जाबद्दल सविस्तर लिहितो. कॅन्सस सपाट आहे आणि तिथली हरणं मका खाऊन गाईसारखी झालीत. नेवाडात सगळा नशिबाचा खेळ, शिवाय पाणी नाही. कोलोरॅडोत डोंगर चांगले, पण शिकाऱ्यांची जत्रा असते. आणि मुख्य म्हणजे तुमचे पॉइंट या कुठेच चालायचे नाहीत, ते वायोमिंगचे. वायोमिंगातही पूर्वेकडचं माळरान थोड्या पॉइंटांत मिळतं. तिथे मी दोन वर्षांपूर्वी माझे सगळे पॉइंट खर्चून गेलो होतो आणि एक टायर फोडून परत आलो. बिस्किट क्रीकचा डोंगर पश्चिमेला. तिथे सहा-सात पॉइंटवाल्याला मिळतो, बारावाल्याला तर हमखासच.

आता माझ्या मनात काय आलं ते सांगतो. दोघांनी मिळून एक अर्ज करता येतो. मग दोघांच्या पॉइंटांची सरासरी धरतात. तुमचे बारा, माझं शून्य, सरासरी सहा. सहाला मिळेलही, नाहीही मिळणार. किंवा यंदा अर्जच करू नये, नुसता एकेक पॉइंट घेऊन ठेवावा. तीन-चार वर्षांत माझेही साठतील, मग आपण दोघं आरामात जाऊ. घाई कशाला? डोंगर कुठे जात नाही.

एकट्या बाईमाणसाने त्या डोंगरात जाणं मला पटत नाही. हे सगळं तुमच्या काळजीपोटी लिहितोय.

तुमचा,
व्हर्लिन

डेकोरा
२ एप्रिल २०१९

चि. भावोजींस, अनेक आशीर्वाद.

तुमची काळजी पोचली. तिचीही सरासरी काढली, सहाच आली.

भावोजी, मी तुम्हाला हसत नाही. तुम्हालाही तिथे जायचंय हे मला पहिल्या ओळीपासून कळत होतं. तुमचे दादा नसताना त्या डोंगराची ओढ असलेला तुमच्याइतका दुसरा माणूस नाही. म्हणून हे पत्र लिहायला इतके दिवस लागले, आणि तीन कागद फाडले. पण सरासरी सहा म्हणजे टांगती तलवार. अर्ज हुकला तर परत वर्षभर थांबायचं, आणि तुमची तीन-चार वर्षं तर माझ्याच्याने ऐकवतही नाहीत. मी सदुसष्ट वर्षांची आहे. डोंगर कुठे जात नाही हे खरं, पण माझे गुडघे जातायत.

मी एकटीच्या नावाने अर्ज केला. ग्रंथालयातल्या बाईंनी संगणकावर भरून दिला. त्यांनी तीनदा विचारलं की खरंच हरणाचाच आहे ना. तुम्हाला वाईट वाटेल. मलाही वाटलं. तरी केला.

परसातल्या रुबार्बच्या झाडाला कोंब फुटलेत. लोभ असेल तेवढा ठेवा, नसेल तर मी थांबेन.

आपली,
आर्डिथ

चॅड्रन
१९ मे २०१९

ती. वहिनींस, नमस्कार.

पत्र पोचलं. पाऊस बरा आहे. कुत्री व्याली, पाच पिल्लं.

बूट आत्तापासून घालून हिंडा, नवे बूट डोंगरात पाय सोलतात. रायफलची नेम-दुर्बीण दादाच्या डोळ्याला बेतलेली आहे, ती तुमच्या डोळ्याला लावून घ्या. दोनशे यार्डांच्या पुढे मारू नका. मी रागावलेलो नाही.

व्हर्लिन

डेकोरा
२४ जून २०१९

चि. व्हर्लिनभावोजींस, अनेक आशीर्वाद.

परवाना मिळाला. कागदावर माझंच नाव आहे, मी चष्मा लावून परत वाचलं.

रोज दुपारी गावाबाहेरच्या दगडखाणीत नेमाचा सराव करते. खांदा जांभळा झालाय. पाद्रीबाबांनी रविवारी पाहिला आणि बाजूला घेऊन हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं, घरी मी एकटीच आहे, मीच मला मारते. त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना ठेवली.

आता तुमच्याकडे काम आहे. मला त्या डोंगराची वाट माहीत नाही आणि हरीण एकटीने खाली आणता येणार नाही. तुम्ही बरोबर चला. तुमच्यापाशी परवाना नाही, तेव्हा तुमच्या हातात बंदूक नसेल, कढई असेल. चाळीस वर्षं तुम्हाला रांधून वाढलं, आठवडाभर तुम्ही मला वाढा. अपमान वाटत असेल तर तसं कळवा, मी मॅक्सीनला नेते. ती अंडीसुद्धा जाळते.

सप्टेंबरात तुम्हाला घ्यायला चॅड्रनवरूनच येईन. एक पिल्लू मला नको, आधीच सांगते.

आपली,
आर्डिथ

चॅड्रन
६ ऑक्टोबर २०१९

ती. वहिनींस, शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही मला दारात सोडून गेलात त्याला आठ-दहा दिवस झाले. परतीच्या वाटेवर मी सबंध वायोमिंगभर बोललो नाही, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. कान दुखत नव्हता. मनात एकच प्रश्न घोळत होता. तो लिहिल्याशिवाय झोप येत नाही.

वहिनी, ती पहिलीच सकाळ होती. अख्खे सात दिवस हातात होते. मी तुम्हाला वरच्या कपारीखाली बसलेला तो नर दाखवला. तसला नर मी जन्मात दोनदा पाहिलाय, दोन्ही वेळा दुसऱ्याच्या भिंतीवर. वारा आपल्या बाजूने होता. संध्याकाळी तो चरायला खाली येणार हे आंधळ्यालाही कळलं असतं. मी एवढंच म्हटलं की संध्याकाळपर्यंत थांबा, आणि कॉफी करायला खाली गेलो. पाणी उकळायच्या आत बार ऐकू आला. धावत वर आलो तर तुमच्यापुढे दोन फाटे फुटलेल्या शिंगांचं पोर पडलेलं. शिंगं माझ्या हाताच्या पंज्याएवढी. बारा वर्षांचे पॉइंट आणि ते हरीण.

तुमचा नेम चुकला म्हणावं, तर गोळी बरोबर जिथे हवी तिथे. शेजारी विचारतो काय मिळालं. मी सांगतो, धुकं फार होतं.

दादा असता तर त्याला काय वाटलं असतं, हे मी विचारणार नव्हतो. पण विचारतो. का केलंत?

मांस चांगलं आहे. काळीज मी कांद्याबरोबर परतून खाल्लं.

तुमचा,
व्हर्लिन

डेकोरा
१५ ऑक्टोबर २०१९

चि. व्हर्लिनभावोजींस, आर्डिथचे अनेक आशीर्वाद.

विचारलंत ते बरं केलंत. गाडीतच विचारलं असतंत तर कॅस्पर गाव येईपर्यंत तुमची समजूत घातली असती.

तो मोठा नर मी पाहिला होता. तुम्ही दाखवायच्या आधी. सुंदर होता, त्यात वाद नाही. तुम्ही थांबा म्हणालात तेही शिकारी माणसाला शोभेल असंच. पण तुम्ही कॉफीला गेलात, मी दगडाला पाठ लावून बसले, आणि मला ऑरिनचा राग आला. हे गेल्यापासून मी रडले, जेवण टाकलं, त्यांचे शर्ट कपाटात तसेच ठेवले, पण रागावले कधी नव्हते. त्या दगडाशी बसून त्यांच्याशी भांडले आणि रडले. सहा-सात पॉइंटांत तो डोंगर मिळतो, तुम्हीच मार्चमध्ये लिहिलंत. आमच्या दोघांचे तेवढे कधीच झाले होते. तेव्हा हे धडधाकट होते, मी धडधाकट होते. आम्ही जाऊ शकलो असतो, भावोजी. आम्ही नुसतंच जाऊ शकलो असतो. हे माझ्यासाठी मोठं हरीण साठवत राहिले, आणि मला मोठं हरीण कधी नकोच होतं. मला त्यांच्याशेजारी त्या थंडीत बसायचं होतं.

रडून झालं, डोळे पुसले, आणि समोरच्या झुडपातून ते पोर बाहेर आलं. माझ्याकडे बघत उभं राहिलं. मी आणखी एक घटकाही थांबायला तयार नव्हते. शेजाऱ्याला धुक्याचं सांगू नका. आकाश निरभ्र होतं आणि मला सगळं स्वच्छ दिसत होतं, असं सांगा.

वायोमिंगहून विचारणा आली होती की पुढच्यासाठी पॉइंट घेणार का. नको म्हणून कळवलं. पुढच्या वर्षी मी तुमच्या नेब्रास्कात परवाना घेणार आहे. तिथे पॉइंट लागत नाहीत, आणि हरणं तुमच्या घरामागच्या टेकाडावर येतात हे मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून कित्येकदा पाहिलंय. तुम्हीही तुमचा घ्या. बंदूक तुमच्या हातात असेल, कॉफी मी करीन, आणि आपल्यापैकी ज्याला जे आधी दिसेल ते त्याने मारावं.

मागची खोली झाडून ठेवा. लोभ आहे तो आहेच, वेगळं काय मागू.

आपली,
आर्डिथ