साक्षर उंदीर छाप

बाबा, आज सकाळी मला एकटीलाच खूप हसू आलं आणि पहिली आठवण तुमची झाली. मुलीनं मोबाइलवर एक जाहिरात पाठवली होती. एका मसाल्याच्या कंपनीनं म्हणे ठेच्याच्या चवीची टूथपेस्ट काढली आहे. हिरवीगार ट्यूब, वर मिरचीचं चित्र आणि खाली लिहिलेलं, ‘झोप उडालीच पाहिजे’. लोकांनी अगदी गंभीरपणे विचारलं होतं की अकोल्यात कुठे मिळेल, लहान मुलांना चालेल का. खरं सांगते, मीसुद्धा मेहकरच्या बस स्टँडसमोरच्या दुकानात विचारून यावं म्हणून पिशवी उचलली होती. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं. एक एप्रिल. तुमची मुलगी असून मी फसले. तुम्ही असता तर आधी ट्यूबवरची अक्षरं निरखली असती आणि म्हणाला असता, “मिरचीचा देठ उलटा छापला यायनं.” पण नुसतं हसू सांगायला मी हा कागद घेतलेला नाही. तुम्ही मला दिलेल्या सगळ्यात मोठ्या वस्तूची मी काय गत केली, ते मला गेल्या महिन्यात कळलं. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, तरी ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

खामगावातला तो छापखाना अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. पत्र्याचं छप्पर, आत शाईचा आणि रॉकेलचा वास. तुम्ही खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, खणांपुढे उभे आहात आणि तुमची बोटं न बघता एकेक अक्षर उचलून ओळ जुळवताहेत. उलटी अक्षरं तुम्ही सुलट्यांपेक्षा भराभर वाचायचात. मला बरीच वर्षं वाटत होतं की सगळ्यांचेच बाबा उलटं वाचतात. तेलाच्या डब्यांची लेबलं, उदबत्तीचे पुडे, लग्नपत्रिका, आणि मधूनमधून एखादं पुस्तक. पुस्तकाचा मोठा कागद छापून त्याची घडी घातली की सोळा पानं व्हायची, त्याला तुम्ही फर्मा म्हणायचात. शाई पसरली किंवा कागद सरकला की तो फर्मा रद्दीत जायचा, आणि रद्दीतलं घरी न्यायला मालकांची ना नव्हती. चांगल्या फर्म्याला मात्र हात लावायचा नाही, हा कायदा मालकांचा नव्हता, तुमचाच होता.

त्यामुळे आपल्याकडे पुस्तकं पुष्कळ होती, पण अख्खं एकही नव्हतं. मधमाश्या पाळण्याची सोळा पानं, कुठल्याशा डॉक्टरांच्या आठवणींची बत्तीस, मधूनच सुरू होणारा एक खून, आणि एका बाजूनं पुसट झालेले चटण्यांचे प्रकार. मी अजूनही तशीच वाचते. उशाशी चार पुस्तकं असतात, त्यांचं एकमेकांशी काही नातं नसतं, आणि कुठलंही मी मधूनच उघडते. लहानपणी रहस्यकथेतला खुनी कोण हे मला कधीच कळलं नाही, म्हणून मी सगळ्यांवरच संशय घ्यायला शिकले. पुढे ऑफिसात त्याचा फार उपयोग झाला. पाककृतींच्या पुस्तकातली बाई कधी चिडत नाही आणि तिचं काही करपत नाही, तेव्हा तिला कादंबऱ्यांच्या कपाटात ठेवावं असं माझं मत आहे. मधमाश्यांचं पुस्तक मात्र मी आजही खरं मानते. कुठल्याच विषयाची जाणकार मी झाले नाही, पण कुठल्याही पानावर मला परकं वाटत नाही. हे तुमच्या रद्दीमुळे झालं, आणि त्याबद्दल तुम्ही असताना मी कधी दोन शब्द बोलले नाही.

आणि तुमचा एक एप्रिल! हल्ली कंपन्या हे करतात, तेव्हा लोकांना वाटतं की ही नवीन गंमत आहे. तुम्ही तर दरवर्षी उरलेल्या कागदाच्या पट्टीवर एक खोटं लेबल छापून आणायचात, अगदी दोन रंगांत, वेलबुट्टीची चौकट घालून, आणि आम्ही उठायच्या आत स्वयंपाकघरातल्या एखाद्या डब्याला चिकटवून मोकळे व्हायचात. आईच्या हिंगाच्या डबीवर, ‘शांतता छाप गोळ्या, बोलण्यापूर्वी दोन’. खोबरेल तेलाच्या बाटलीवर, ‘आळस छाप तेल, डोक्याला लावताच काम उद्यावर जाते’. एका वर्षी पिठाच्या डब्यावर ‘साक्षर उंदीर छाप, वाचून झाल्यावर खावे’. आई म्हणायची, “या मानसाले घरात दुसरं काही काम नाई काय?” आणि ते लेबल फाटेपर्यंत डबा घासायची नाही.

मिठाच्या बरणीचा घोटाळा तुम्हाला आठवत असेलच. ‘निरोप छाप मीठ, चिमूटभर वाढल्यास पाहुणे तिसऱ्या दिवशी निघतात.’ नेमकी सोनाळ्याची आत्या आलेली होती आणि नेमका तिचा तिसरा दिवस होता. तिनं लेबल वाचलं, चहा अर्धा ठेवला आणि पिशवी भरली. तुम्ही बस स्टँडपर्यंत तिच्यामागे चपलांशिवाय गेलात. ती सगळ्यांसमोर म्हणाली, “दादा, मले जाय म्हनाचं होतं तं तोंडानं म्हनाचं. छापाले कायले लागते?” तुम्ही हात जोडून उभे आणि हसू दाबून दाबून तुमचे कान लाल झालेले. परत आली, आठ दिवस राहिली आणि जाताना बरणी घेऊन गेली. कंपन्यांच्या गमतीखाली विकत घ्यायचं बटण असतं. तुमच्या लेबलाखाली आपलंच मीठ असायचं.

आता त्या पुस्तकाचं सांगते. मी सातवीत होते. एक मुलगी सर्कशीबरोबर पळून गेलेल्या आपल्या भावाला शोधत गावोगाव हिंडते, अशी ती गोष्ट. त्याचे फर्मे एकामागून एक खराब निघत होते आणि माझं नशीब उघडत होतं. सर्कशीचा तंबू जवळ आला, तिला लांबून वाद्यांचा आवाज ऐकू आला, आणि तिथे माझी पानं संपली. नेमका शेवटचा फर्मा सगळाच्या सगळा चांगला निघाला होता. तो तुम्ही जुळवलाही नव्हता. गठ्ठे अकोल्याच्या प्रकाशकाकडे गेलेले. मी दोन दिवस जेवले नाही, आणि शेजारच्या काकू बसलेल्या असताना तुम्हाला म्हणाले, “आपल्या घरी एकबी पुस्तक धड नाई. सगळं लोकायचं फेकलेलं.” पुढचा महिनाभर तुम्ही उशिरा घरी येत होतात. आईनं विचारलं तर म्हणालात, “लग्नसराई आहे, पत्रिकायचं काम वाढलं.” आणि मग एके दिवशी सकाळी तुम्ही माझ्या दप्तरावर आठ पानं ठेवलीत. “घे. सापडला तुह्या पुस्तकाचा शेवट.” मी ती पानं उभ्यानंच वाचली. भाऊ सर्कशीच्या मागच्या बाजूला हत्तीच्या बादल्या घासताना तिला सापडतो. ती त्याला रागावत नाही, मारत नाही. जेवलास का, एवढंच विचारते. मी रडले आणि मग दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. त्या दिवशी एक एप्रिल असून कुठल्याच डब्यावर लेबल नव्हतं, म्हणून मी तुम्हाला टोकलंसुद्धा, “बाबा, अवंदा तुम्ही इसरले!” तुम्ही म्हणालात, “हाव ना बाप्पा, इसरलोच.”

चार दिवसांनी शाळेत बाईंनी प्रत्येकीला आवडलेला उतारा मोठ्यानं वाचायला सांगितला. या बाई पुण्याकडून बदलून आलेल्या. मी मोठ्या तोऱ्यात आठ पानं उघडली. वाचता वाचता आलं, ‘तिने त्याले विचारलं, जेवला काय?’ बाई म्हणाल्या, “काय विचारलं? पुन्हा वाच.” मी पुन्हा वाचलं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, “त्याला, गं, त्याला! कुठल्या छापखान्यात असं छापतात?” मग वर्ग हसला. घरी जाऊन त्याच मुली आईला ‘मले भूक लागली’ म्हणणार होत्या, पण तेव्हा त्या हसल्या. मला घरी वाचताना ते खटकलंच नव्हतं, कारण आपण तसंच बोलतो. मी घरी आले आणि तुमच्यावर बरसले. “तुमच्या प्रेसमंदी सगळे अडाणीच हाये काय? त्याले म्हने! पुस्तकात कोनी त्याले लिहिते?” तुम्ही बराच वेळ हातांची शाई घासत होतात. मग म्हणालात, “खिळा चुकला असन, माय.” बस, एवढंच. काही दिवसांनी तुम्ही सहज विचारलं, ती पानं कुठे आहेत. मी म्हणाले, उंदरांनी खाल्ली. तुम्ही म्हणालात, “अस्सं.”

गेल्या महिन्यात इथल्या वाचनालयानं जुनी पुस्तकं विकायला काढली. ढिगात तेच पुस्तक, अख्खं, पुठ्ठ्यासकट. मी पहिल्यांदा आयुष्यात एखादं पुस्तक शेवटाकडून उघडलं. त्यात हत्तीच्या बादल्या नाहीत. भाऊही नाही. मुलगी पोचते तेव्हा तंबू उठलेला असतो, जमिनीत खुंट्यांची भोकं आणि लाकडाचा भुसा असतो, आणि ती परत फिरते. जेवलास का असं कोणीच कोणाला विचारत नाही. मी तिथेच बाकावर बसले. दुसऱ्याच्या मजकुरात तुमचा कधी एक अनुस्वार चुकला नाही. ‘त्याले’ तुमच्या हातून पडलं, कारण त्या वेळी पुढ्यात कोणाचा कागद नव्हता. तुम्ही मनातून थेट खिळे उचलत होतात. लग्नपत्रिका संपल्यावर, महिनाभर, आठ पानं. विसरला नव्हतात तुम्ही. त्या वर्षीचं लेबल तेच होतं, आणि ते कळायला मला म्हातारी व्हावं लागलं. मी तुम्हाला अडाणी म्हणाले, बाबा, आणि ती गोष्ट लिहिणारे तुम्हीच होतात. एका शब्दानं सांगितलं असतंत तर मी तुमच्या पायांवर डोकं ठेवलं असतं. पण मग माझा शेवट खोटा झाला असता, म्हणून तुम्ही अडाणी होणं पत्करलंत.

एक मात्र वाचक म्हणून सांगते, राग मानू नका. छापलेला शेवट तुमच्यापेक्षा चांगला आहे. तुमची ती दोघं फार पटकन घरी पोचतात, आणि हत्तीचं पुढे काय झालं ते तुम्ही सांगितलंच नाही. पण छापलेला शेवट वाचून सातवीतली मी जेवले नसते. आठ दिवस झाले, मी तुमची आठ पानं आठवून लिहिते आहे. साडेतीन पानं झाली. मोबाइलवर लिहायला घेतलं तर तो ‘त्याले’चं आपोआप ‘त्याला’ करतो, पुण्याच्या बाईंसारखा, म्हणून हातानंच लिहिते. ती पानं या पुस्तकाच्या पाठीमागे चिकटवीन, आणि हा कागदही तिथेच ठेवीन, कारण तो पाठवायला पत्ता नाही.

आणि आता ते उंदरांचं. त्यांनी काही खाल्लं नव्हतं. वर्ग हसला त्याच संध्याकाळी आई पाणी आणायला गेली होती तेव्हा मी ती आठ पानं चुलीत घातली, एकेक करून, ‘त्याले’चं पान सगळ्यात आधी. पुढच्या एक एप्रिलला पिठाच्या डब्यावर ‘साक्षर उंदीर छाप’ आलं, आणि त्यावर घरात सगळ्यात मोठ्यानं मी हसले. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. तुम्हाला माहीत होतं, बाबा. तुम्ही सरळ विचारलं असतंत तर मी खरं सांगितलं असतं, असं हे पत्र सुरू करताना लिहिणार होते. पण ते खोटं आहे. विचारलं असतंत तरी मी उंदराचंच नाव घेतलं असतं.