आतल्या खोलीतला रिसीव्हर

३ ऑगस्ट

चि. तारमास्तरांस,

अनेक उत्तम आशीर्वाद. पत्र पाहून दचकू नकोस. अण्णांची तब्येत ठीक आहे, छप्पर जागेवर आहे आणि मीही अजून माणसांत आहे. घरात टेलिफोन असताना, तोही टेलिफोन खात्यातल्या सख्ख्या भावाने जोडलेला, बहीण पत्र का लिहिते, ते पुढे कळेलच.

माझी कॉलेजातली मैत्रीण तुला आठवत असेल. उंचीवरून मी तिला वामनमूर्ती म्हणत असे. ती आता परगावी संस्कृत शब्दकोशाच्या कचेरीत प्रमुख आहे. तिथे दोन वर्षांसाठी संपादकाची जागा निघाली आहे आणि बाईसाहेबांना मीच हवी आहे. राहायला खोली, शेजारी ग्रंथालय आणि दिवसभर व्युत्पत्तीवरून भांडायचा पगार! अण्णांसाठी शाळेतली नोकरी सोडल्यापासून माझं संस्कृत भाजीवाल्याला कोड्यात टाकण्यापुरतंच उरलं आहे. हो की नाही, ते महिनाअखेर सांगायचं आहे.

ती दर रविवारी सकाळी फोन करते आणि मी काय बोलते? ‘हं’, ‘बघू’, ‘इकडे पाऊस आहे’. कारण मी मुद्द्यावर आले रे आले, की तिचा आवाज विहिरीत पडल्यासारखा खोल जातो आणि मागे खरखर सुरू होते. अण्णांच्या उशाशी तू लावून दिलेला तो दुसरा फोन त्यांनी उचललेला असतो, दुसरं काय? बैठकीतल्या फोनची दोरी हातभर, त्यामुळे डोकावून बघता येत नाही. आणि आलं असतं तरी वडिलांना पकडून करायचं काय?

तर मी बोलत असताना आतला फोन बहिरा करता येतो का? तुमच्या शास्त्रात असेल तर कळव. नसेल तर नवं शास्त्र काढ.

मुलांना आशीर्वाद. लोभ कमी झाला असेल तर सांगायला फोन करू नकोस, कोणीतरी ऐकेल.

तुझी ताई

* * *

८ ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

वि. वि. तुझं निदान बरोबर वाटतं. एका तारेवर दोन फोन म्हणजे एका ताटात जेवणारे दोघे. दुसरा पाटावर बसला की पहिल्याच्या वाट्याला निम्मं. म्हणून आत रिसीव्हर उचलला की आवाज खाली जातो. आतल्या फोनची घंटी मी तेव्हाच बंद करून ठेवली होती. आपल्या घराची लाईन इतकी म्हातारी, की एकदम दोन घंट्या वाजवायच्या म्हटल्या तर तिला धाप लागते. शिवाय तो फोन घंटीसाठी नव्हताच. अण्णा न्हाणीघरात पडले होते, तू बाजारात होतीस, आणि सरपटत बाहेर येऊनही त्यांचा हात बैठकीतल्या फोनपर्यंत पोचला नव्हता, ते आठव.

मध्ये बटण बसवता येईल. पण तू ते बंद करून बोललीस, चालू करायला विसरलीस आणि पिशवी घेऊन बाहेर पडलीस, तर? त्यापेक्षा अण्णांना सरळ विचार ना. आमच्याकडे आणावं, तर घर दोन खोल्यांचं, हिची इस्पितळात रात्रपाळी, मुलांच्या परीक्षा. तुला माहीतच आहे.

रागावलीस तरी कृपा पातळ होऊ देऊ नये.

तुझा धाकटा

* * *

१२ ऑगस्ट

चि. तारमास्तरांस,

आशीर्वाद. तुझ्या त्या दोन खोल्या मला वर्षानुवर्षं पाठ आहेत. तू एक वेळ यायचा राहतोस, पण त्या प्रत्येक पत्रातून येतात.

अण्णांना विचारायचं काय? ते नाही म्हणाले असते तर काही बोलता आलं असतं. ते नाही म्हणतच नाहीत. मैत्रिणीचं नाव काढलं की भिंतीकडे कूस करतात आणि घटकाभराने विचारतात, दुधाला आज उशीर का झाला. गेल्या वर्षी ते निवृत्त ग्रंथपाल माझी चौकशी करत होते, हे तुला मी कधी सांगितलं नाही. भले गृहस्थ. त्यांचा फोन आला की हाच खोल जाणारा आवाज, आणि मी म्हणायचे, नंतर बोलू. त्या ‘नंतर’ची वाट पाहून पाहून ते दुसरीकडे बोलायला गेले.

या घराला कुलूप नाही. सकाळी औषध, दुपारी वर्तमानपत्राचं वाचन, मग खिडकी उघड, खिडकी लाव. दार सताड उघडं असून ज्यातून बाहेर पडता येत नाही, अशा जागेला काय म्हणतात, हे कोशात शोधायला तरी मला जाऊ दे.

पेचकस विकत आणला आहे. दुकानदाराने विचारलं, घरात कोणी पुरुषमाणूस नाही का. आहे म्हटलं, पण तो पत्राने येतो.

शिकव.

तुझी ताई

* * *

१६ ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

वि. वि. पेचकसाचा टोला पोचला, जागी लागला. रजेचा अर्ज केला होता. इथे पावसाने जुन्या केबली जागोजाग बुडाल्यात, साहेब हसले.

आता ऐक. बैठकीतल्या फोनमागे भिंतीवर चौकोनी डबी आहे, तिचा मधला स्क्रू काढ. आत दोन तारा बाहेरून येतात आणि दोन दाराच्या चौकटीवरून अण्णांच्या खोलीत जातात. आत जाणाऱ्या दोघींपैकी एक सोडव आणि तिच्यामध्ये सोबत पाठवलेलं बटण बसव. घंटी वाजू लागली तर तारेवरचा हात लगेच काढ, चांगला झटका बसतो. संस्कृतात ओरडलीस तरी तितकाच बसतो.

काम झालं की कळव. बटण चालू करायला विसरू नकोस, हे तिसऱ्यांदा लिहितो असं समज.

तुझा धाकटा

* * *

२१ ऑगस्ट

चि. तारमास्तरांस,

आशीर्वाद. बटण बसवलं नाही. कारण सांगते.

काल अण्णांचा डोळा लागलेला पाहून डबी उघडली. बाहेरून येणाऱ्या दोन्ही तारा जागच्या जागी. आत जाणाऱ्यांपैकी एक स्क्रूखाली, आणि दुसरी सुटून नुसती लोंबत होती. टोक हिरवंगार गंजलेलं, त्यावर कोळ्याचं जाळं, आणि तेही इतकं जुनं की कोळ्यानेसुद्धा घर सोडलेलं.

तशीच आत गेले आणि अण्णांच्या उशाचा रिसीव्हर कानाला लावला. गूं नाही की गां नाही. मागून अण्णा म्हणाले की तो बंद आहे, गेल्याच्या गेल्या पावसाळ्यापासून. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? त्यावर म्हणाले, मला वाटलं तूच तोडलास. तुझं कुणाशी काही बोलणं असेल, मध्ये म्हातारा नको असेल. विचारायचं कसं, म्हणून गप्प राहिलो.

धूर दिसला की तिथे अग्नी आहे, हे अनुमान मी मुलींना वर्षानुवर्षं शिकवलं. आणि स्वतः धुकं पाहून आग आग म्हणत बसले. इतके दिवस मी एका मेलेल्या रिसीव्हरच्या धाकात बोलत होते. ग्रंथपालांना ‘नंतर’ म्हटलं, तेव्हा ऐकणारं कोणी नव्हतंच. आणि मी खुशाल बाजारात जायची, तेव्हा अण्णांच्या उशाशी तो तसाच मुका. 

मग आवाज खोल जायचा तो कशाने?

तुझी ताई

* * *

२५ ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

वि. वि. तो बाहेरून येणाऱ्या तारेचा सांधा, खिडकीखालचा. ओल धरली की आवाज कमी-जास्त होतो, खरखरतो. तो दिवसभर तसाच खोकत असणार. तू मुद्द्यावर आलीस की तुझे कान टवकारायचे, एवढंच. पण मीही तुझ्या पत्रावर मान डोलावली. आधी आतला फोन उचलून बघ, एवढं सांगायला हवं होतं. रोज हेच काम करतो मी.

आता माझं ऐक. रविवारपर्यंत तार जोडू नकोस. ऐकणारं कोणी नाही, तर मैत्रिणीशी मनमोकळं बोलून घे. नंतर जोड.

तुझा धाकटा

* * *

१ सप्टेंबर

चि. तारमास्तरांस,

आशीर्वाद. तुझा सल्ला मोडला. तुझं पत्र आलं त्याच दिवशी तारेचं टोक खरवडून लख्ख केलं, स्क्रूखाली घट्ट आवळलं आणि अण्णांच्या कानाला रिसीव्हर लावून दाखवला. म्हटलं, चालू आहे. रविवारी सकाळी वामनमूर्तीचा फोन येईल. ऐकायचं असेल तर ऐका. त्यांनी भिंतीकडे कूस केली.

रविवारी बाईसाहेबांनी नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, काय ठरलं? मी म्हणाले, येते. एवढ्यात खट् झालं आणि तिचा आवाज निम्मा झाला. खरखर नाही, विहीर नाही, नुसता निम्मा. ज्याला मी इतके दिवस घाबरत होते, तो खरा आवाज मी काल पहिल्यांदा ऐकला.

आणि अण्णा बोलले. मी नाही म्हणतो, असं म्हणाले. हिने जाऊ नये, मला हिची सवय आहे.

खोटं वाटेल, पण मला हायसं वाटलं. भिंतीकडे वळलेल्या माणसाच्या पाठीचं खंडन करता येत नाही रे. आधी कोणालातरी पूर्वपक्ष मांडावा लागतो, मग उत्तर. अण्णांनी तो अखेर मांडला, आणि काय सुबक मांडला! मी बैठकीतून, त्याच फोनवर, आतल्या खोलीला सांगितलं की तुमचं म्हणणं ऐकलं, ते खरं आहे, मलाही तुमची सवय आहे, आणि मी जाणार आहे. त्यांनी विचारलं, मग माझं काय? मी म्हणाले, तुम्हाला मुलगा आहे.  ते म्हणाले, त्याच्या दोनच खोल्या आहेत. तिकडे वामनमूर्तीला खोकला आला. माझ्या मते ती हसत होती.

कालपासून अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. जेवतात, औषध घेतात, पण बोलत नाहीत. ट्रंक काढली आहे. दोनदा भरली आणि दोनदा रिकामी केली. रात्रभर वाटत होतं की हे सगळं आपण फोनवर बोललो, म्हणजे काही खरं नाही. मग सकाळी जाऊन तिकीट काढून आणलं. ते मात्र खरं आहे, पंधरा तारखेचं.

त्याच्या आत ये. अण्णांना तिकडे ने, नाहीतर तुम्हीच इकडे राहायला या. इथे चार खोल्या आहेत आणि इस्पितळं सगळीकडे असतात. ते तू आणि अण्णा ठरवा, पण मोठ्याने, शब्दांत. तुला नाही म्हणायचं असेल तर तसं स्वच्छ लिही. परीक्षा आणि रात्रपाळ्या लिहू नकोस, नाही असं लिही. त्याला उत्तर देता येतं मला आता.

सौ.ला आणि मुलांना आशीर्वाद. लोभाचं काय ते आल्यावर बोलू.

तुझी ताई