सासूबाईंचे दोन चमचे

मोंते सान रोक्को,
३ जून

ती. लोरेदानावन्सं यांस एलीदेचा नमस्कार.

मिलानला सगळं ठीक आहे असं धरून चालते, कारण नसतं तर तुमचा फोन आला असता. गुडघे कसे आहेत? माझ्या गुडघ्यांबद्दल विचारू नका. तुमच्या बंधुराजांचा रक्तदाब वाढलाय आणि डॉक्टरांनी मीठ तोडलंय, त्यामुळे माझ्या जेवणाला चव नाही हे आता डॉक्टरांच्या सहीनिशी सिद्ध झालं. तुम्ही लिहिलेली, पाठवलेली कादंबरी दोन वर्षांपूर्वीच मिळाली, पोच आज देते आहे. चार वेळा वाचली. खोटं नाही सांगत, इतकं आवडतं दुसरं पुस्तक माझ्यापाशी नाही (पोस्टमन नायिकेला धक्क्यावर सोडून बोटीत चढतो तिथे मी चारही वेळा रडले). फक्त त्यातली स्वयंपाकाची पानं तेवढी गाळली. दिवसभर चुलीपाशी उभं राहायचं आणि आडवं झाल्यावर पुन्हा तेच वाचायचं, कुणी सांगितलंय? ही चूक माझी, आधीच कबूल करते.

तर गेल्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी बोलोन्याहून अकरा बायका आल्या. तुमच्या वाचक मंडळाच्या. कादंबरीतला स्वयंपाक कादंबरीतल्याच घरात करून बघायचा त्यांना सोस, आणि बंधुराजांनी मला न विचारता होकार देऊन टाकलेला. अकराजणींच्या एप्रनवर तुमच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ छापलेलं. (माझा एप्रन सासूबाईंच्या जुन्या चादरीचा आहे, तो मी उलटा करून बांधला.) त्यांची म्होरकी ओर्नेलाबाई, निवृत्त मास्तरीण. तिने घर सगळं फिरून पाहिलं, सासूबाईंच्या खुर्चीला हात लावला आणि मला विचारलं, आपण कोण? म्हटलं, भावाची बायको. त्यासरशी सगळ्याजणी माझ्या मनगटांकडे बघायला लागल्या. मग माझ्या लक्षात आलं. दोनशे ऐंशी पानांत तुम्ही मला दीड ओळ दिली आहे, ‘जाड मनगटांची, मुकी वहिनी’. वन्सं, मनगटं तुमच्या आईला कुशीवर वळवून वळवून जाड झाली. आणि मुकी मी नव्हतेच, तुम्ही बोलत असायचात.

असो. करायचं होतं विन्चिसग्रासी, पोळ्या आणि रश्शाचे थर लावून भाजायचं, रविवारचं, सासूबाईंचं. मी पीठ घेतलं. त्या म्हणाल्या, किती ग्रॅम? म्हटलं, अंडी घेतील तेवढं. एकीने पर्समधून वजनकाटा काढला. मी अंडी फोडली. पोळ्या लाटून झाल्या, उकडून फडक्यावर पसरल्या, इकडे कोंबडीच्या काळजाचा रस्सा दोन तास रटरटतोय, तोवर सगळं नीट चाललं होतं. मग मी सवयीप्रमाणे अंगणात जाऊन तमालपत्राची चार पानं तोडून आणली. येऊन बघते तर ओर्नेलाबाईने चष्मा लावून पुस्तक उघडलेलं. म्हणाली, “आता ते दोन चमचे घाला.” कसले चमचे? “द्राक्षाच्या आटवलेल्या रसाचे. पान एकशे बारा.” मी हसले. म्हटलं, बाई, लेखकांना काहीतरी पदरचं घालावंच लागतं. सासूबाईंनी पळी माझ्या हाती दिल्यापासून चौतीस वर्षं मी हे करते आहे, ह्यात गोड काही पडत नाही. ती म्हणाली, “छापलंय ना? मग पडतं.” आणि बाटली त्यांनी बोलोन्याहून बरोबरच आणली होती.

मग तिने ते पान वर्गात वाचतात तसं मोठ्याने वाचून दाखवलं. कसं ते तुम्हाला सांगायला नको, तुम्हीच लिहिलंय. दर रविवारी आई म्हणायची, “एलीदे, जरा तमालपत्र तोडून आण गं.” वहिनी अंगणात गेली की आई उशाच्या कपाटातली काळी बाटली काढायची, मला डोळ्याने खूण करायची, आणि आम्ही मायलेकी हसत हसत दोन चमचे रश्शात सोडायचो. फार सुरेख लिहिलंय. दोघीजणी डोळे पुसत होत्या. मी ती चार पानं मुठीत धरून उभी होते.

सासूबाई मागवायच्या ती पानं रश्शात कधी पडलीच नाहीत, वन्सं. बशीत राहायची, संध्याकाळी मी फेकून द्यायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाचा विचार ऐनवेळी बदलला असेल. आणि ती काळी बाटली! ती छातीसाठी, असं मला सांगितलेलं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या त्या अकरा वर्षांत रोज सकाळी त्यातला एक चमचा मी माझ्या हाताने त्यांना भरवला. तो चाटून त्या माझं विन्चिसग्रासी खायच्या आणि म्हणायच्या, चांगलंय गं, पण काहीतरी कमी आहे.

बंधुराजांचं सांगते. चौतीस वर्षं दर रविवारी ह्या माणसाने पहिला घास घेऊन म्हटलंय, “छान आहे, पण आईसारखं नाही.” त्या शनिवारी त्यांनी घास घेतला, काटा खाली ठेवला आणि अकरा परक्या बायकांसमोर ढसाढसा रडले. “आई,” म्हणाले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग नाक पुसून माझ्याकडे वळून म्हणतात कसे, “बघ, मन लावून शिकली असतीस तर?” त्या दिवशी त्यांच्या ताटात मीठ किती पडलं हे मी डॉक्टरांना सांगणार नाही.

आपल्या गावची रीत मला ठाऊक नाही असं नाही. बाहेरच्या बाईला पदार्थ सांगायचा तर एक जिन्नस गाळून सांगायचा. मीसुद्धा पाद्रीबाबांच्या बहिणीला केक सांगताना लिंबाची साल गाळली आहे आणि दर ईस्टरला तिचा केक खाऊन, वा, असं म्हणते. पण ती बाहेरची. शेवटच्या आठवड्यात सासूबाईंनी माझं हेच जाड मनगट धरलं आणि म्हणाल्या, “तूच माझी लेक.” हे मी अंत्यविधीला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं, तुम्हालाही सांगितलं. तुम्ही तेव्हा खिडकीबाहेर बघत होता. आता मला एवढंच कळायला हवं आहे. हे म्हणताना त्यांना ती बाटली आठवत होती का? एकदा तरी, गमतीतसुद्धा, त्या तुम्हाला म्हणाल्या का, की एलीदेला सांगून टाक? मला फार लागलंय, वन्सं. हसण्यावारी नेऊ नका.

राग मानू नये. भाऊजींना नमस्कार, नातवाला गोड पापा.

तुमची वहिनी,
एलीदे

ता. क. : वरच्या प्रश्नाचं उत्तर पाठवू नका. ‘हो’ लिहिलंत तर विश्वास बसणार नाही, आणि ‘नाही’ लिहिलंत तर बसेल.

ता. क. २ : आमच्या मीर्कोची बायको डेबोरा गुणाची पोर आहे. माझे पाय चेपते, आई म्हणते. गेल्या महिन्यात तिने विन्चिसग्रासी शिकवा म्हणून हट्ट धरला, ते शिकवलं. आता मी दोन चमचेही घालते, मीर्को बोटं चाटतो. तुमची सही असलेली एक प्रत तिला हवी आहे, तेवढी पाठवा (खरं म्हणजे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं). मात्र पाठवण्याआधी पान एकशे बारा शिवणीपासून नीट काढून घ्या, फाटलेलं दिसता कामा नये. तिला प्रेमकथा आवडत नाहीत, ती फक्त स्वयंपाकाची पानं वाचते.

ता. क. ३ : अंगणातलं तमालपत्र यंदा चांगलं फोफावलंय. रविवारी डेबोराच पानं तोडून आणते.