फुगवलेली फाईल

३ मार्च, सोमवार
शुद्धलेखन चुकणार, आधीच माफी. टायपिंगही गोगलगायीचं — दोन बोटं, त्यातलं एक घाबरट. नववीत शाळा सोडली, आता तक्रार कोणाकडे करू! पण तोंडाने बोलायला जमत नाही, म्हणून लिहितेय.

आज व्हायोलिनवाले काका मी कामाला आहे त्या दुकानात आले होते. त्यांच्या जुन्या मैफलींच्या टेप मी कॉम्प्युटरवर उतरवल्यात, त्या ऐकायला. कानातलं मशीन नीट बसवलं, डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, "पोरी, हुबेहूब! आता त्या टेपांचं ओझं घरात कशाला? शुक्रवारी भंगारवाल्याला देऊन टाकतो." दुकानवाले दादा म्हणाले, "बघ, नाव काढलंस." लाजले मी. पण खूप छान वाटलं.

४ मार्च
काहीच छान नाही.

कोणीतरी आपल्या फायली जपून ठेवायला आणून दिल्या. दादांनी स्क्रीनवर त्यांच्या आवाजाचं चित्र काढलं. वरचा भाग, म्हणजे बारीक आवाजांचा, सुरीने कापल्यासारखा सपाट. दादा खो खो हसले — "एमपीथ्रीची फ्लॅक, म्हणजे पूर्ण आवाजाची फाईल, केलीय शहाण्याने! अगं, एमपीथ्री करताना आवाजातलं बारीकसारीक फेकून देतात. मग फ्लॅक कर नाहीतर सोन्याने मढव. चिपाडातून परत रस निघतो का?"

मीही हसले. दादा बाहेर गेल्यावर काकांची मैफल उघडली.

वरून सपाट. मग दुसरी. तिसरी. सगळ्या.

५ मार्च
काय केलं ते नीट लिहिते. टेप उतरवली की वेव्हची भलीमोठी फाईल होते. काकांच्या मैफली तीन-तीन तासांच्या! डिस्क गच्च भरली. दादांना विचारलं असतं तर म्हणाले असते, "एवढंही कळत नाही?" म्हणून गुपचूप एमपीथ्री केल्या, वेव्ह उडवल्या. मग दादा म्हणाले, "काकांना फ्लॅकच द्यायच्या. जागा निम्मी, पण आवाजाचा कणही जात नाही." मी त्या एमपीथ्रीच्याच फ्लॅक केल्या. फाईल टम्म फुगली. मला वाटलं, गेलेलं परत आलं!

शी.

६ मार्च
दादांसमोर जाऊन उभी राहिले. "काय गं?" "काही नाही." कप विसळले. परत गेले. "काय गं?" "काही नाही." सगळे कप विसळून संपले.

७ मार्च, शुक्रवार
सकाळी थेट काकांच्या घरी. जिन्यात भंगारवाला पाठीवर पोतं घेऊन उतरत होता. मी भिंतीला चिकटून बाजूला झाले. त्याला वाट दिली मी! वाट!

वर काकांच्या दारात एक खोकं उरलं होतं. "काका, देऊ नका. माझ्या फायली खोट्या आहेत." एका दमात सांगितलं सगळं. मग धावत खाली. गाडी निघून गेली होती.

काका खुर्चीत बसले होते. "म्हणजे नक्की काय गेलं?"

"वरचं बारीक. गज तारेला टेकतो ना, तेव्हाची खरखर."

"ती मला कित्येक वर्षं ऐकूच येत नाही गं." मग कानातलं मशीन चाचपत, "पण ती तिथे आहे, एवढं माहीत होतं."

रागावले असते तर बरं झालं असतं. खोकं माझ्या हातात दिलं. "दादाला तूच सांग. मी फोन करणार नाही."

८ मार्च
सांगितलं. दादांनी कपाट उघडलं. मग नवीन डिस्क समोर आपटली. "आधी वेव्ह. त्यावरून फ्लॅक. ती उघडून तपासायची, मगच वेव्ह उडवायची. आणि डिस्क भरली तर तोंड उघडायचं! विचारलंस तर जीभ झडणारे का?"

"नाही."

खोक्यातल्या टेपा बघितल्या. काकांची शेवटची जाहीर मैफल यात नाही. ती पोत्यात गेली. आता तिची फक्त माझी फाईल आहे — फुगवलेली. दिवसभर मान वर झाली नाही.

९ मार्च
आई परत लग्न करणारे. कपडे वाळत घालता घालता सांगितलं, आणि चिमट्यांची पिशवी माझ्या हातात दिली. तीही माझ्यासारखीच, किती दिवस "काही नाही" म्हणत असणार.