दिपाच्या डोळ्याबद्दल

ती. आईस,
पनवेलहून मनस्वीचा नमस्कार.

मी बरी आहे. पण रागाच्या भरात लिहितेय, अक्षर समजून घे. आमच्या डेटा सेंटरमध्ये एआयची मशीनं जोडणाऱ्या काचेच्या तारांतून डोळ्यांना न दिसणारा लेझर जातो. साहेब म्हणाला, "लाइन बंद आहे, तारेचं टोक भिंगातून बघ." कामावरच्या माझ्या जोडीदारणीने, दिपाने, बघितलं. लाइन चालू होती. आता तिच्या उजव्या डोळ्यापुढचा काळा डाग जात नाही.

मेला साहेब मला म्हणतो, "तिने न विचारता बघितलं असं अहवालात लिही." मी लिहिलं, "साहेबांनीच सांगितलं. मी शेजारी होते." खाली सही ठोकली.

माझी नोकरी गेली. बाबांचा खोकला कसा आहे? रविवारी दिपाला घेऊन येते. तिच्यासमोर डोळ्यांचा विषय काढू नकोस.

तुझीच,
मनस्वी