शाळेच्या गल्लीतला मांडव

बुऱ्हाणपूर,
गुरुवार, ५ डिसेंबर २०२४

ती. पूर्णिमाताईस,

भूपूचा नमस्कार. भाऊजींनाही सांग. रावेरला थंडी पडली असेल, इथे सकाळी तापीवर धुकं असतं. आईचे गुडघे तसेच आहेत. दादा माझ्याशी अजून बोलत नाहीत. माझा फोन लागत नाही म्हणून तू चिंतेत असशील. फोन फुटला. मीच भिंतीवर आपटला. का, ते खाली येईल.

पत्राचं कारण असं की तू आणि भाऊजींनी रविवारी इकडे यावं. एका घरी जायचं आहे. कोणाच्या घरी, ते सांगतो, पण आधी गल्लीचं सांगू दे, नाहीतर तुला काही समजणार नाही. मलाही कुठे समजतंय.

निंबाकाकांची शीतल तुला आठवते ना? कॉलेजात माझ्या वर्गात होती. तिने पूर्ण केलं, मी सेकंड इयरला सरांशी भांडून निघून आलो. ती ज्या शाळेत शिकवते ती गल्ली एक बैलगाडी जाईल एवढी, आणि सकाळी तिथे चारचाकींची रांग. प्रत्येकाला आपलं लेकरू थेट फाटकातच उतरवायचं असतं. पायी येणारी पोरं गटाराच्या काठाकाठाने, दप्तर सावरत येतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर रिव्हर्स घेणाऱ्या एका गाडीचं चाक निशाच्या पायावरून गेलं. पहिलीतली आहे, शीतलच्याच वर्गातली. अजून प्लॅस्टर आहे.

शाळेने गाड्या बंदचा बोर्ड लावला, लोक त्यावर पान थुंकले. बॅरिकेड आणले, लोक खाली उतरून बाजूला सारायचे आणि गाडी आत घालायचे. मग मी उभा राहिलो. एकाच्या गाडीचा आरसा तोडला, चौकीत बसून आलो. शीतल म्हणाली, "तू ओरडलास की ते अजून जोरात हॉर्न वाजवतात. आणि पोरं आता गाड्यांपेक्षा तुला घाबरतात."

मी हल्ली लोटूच्या टेंट हाऊसवर काम करतो. बहादरपूरला एका लग्नाचा मांडव भर रस्त्यात घालत होतो. ताई, एकही माणूस काही बोलला नाही. ट्रकवाल्याने सुद्धा गुपचूप गाडी वळवली. बोर्डावर थुंकणारी आपली माणसं, पण मांडवाला कोणी हात लावत नाही. मी लोटूला म्हटलं, शाळेच्या गल्लीत घालू.

"लग्न कोणाचं?"

"तुला काय करायचंय? बांबू काढ."

गल्लीच्या तोंडाशी लाल-पिवळा कपडा बांधला, दोन्हीकडे केळीचे खांब, वर आंब्याच्या पानांचं तोरण. दुसऱ्या दिवशी गाड्या चौकातच थांबल्या. लोक लेकरांचं बोट धरून चालत आले. पोरं गल्लीच्या मधोमध नाचत गेली. शीतल फाटकात होती. माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्याचं मी काय करायचं होतं, ते मला आजही कळत नाही.

मग लोक विचारायला लागले. गल्लीच्या तोंडाशी बोरं विकणारी धुरपदाबाई तर रोज, "नवरी कोनी शे रे पोऱ्या?" नवरी कोणाची, ते सांगायचं मी टाळत राहिलो. मग तो आरसावाला आला, खाली उतरला. "ना बाजा, ना बारात. हटाओ ये नौटंकी." आणि त्याने दोरीला हात घातला. माझं डोकं तुला माहीत आहे. तोंडातून निघून गेलं, "शीतल मॅडमचं लग्न आहे."

"किससे?"

मी म्हटलं, माझ्याशी.

त्याने हात जोडले, मुबारक हो म्हणाला आणि गाडी मागे घेतली. धुरपदाबाईने बायका जमवल्या, खांबांना हळद-कुंकू लावलं, हळकुंड-सुपारी बांधली. म्हणे, आता अक्षता पडल्याशिवाय हा मांडव उठवायचा नाही.

निंबाकाका टेंट हाऊसवर आले. मला वाटलं मारतील. पण खुर्ची ओढून बसले, हळूच म्हणाले, "खंडव्याहून तिच्यासाठी स्थळ आलं होतं. त्यांनी ऐकलं, नको म्हणून निरोप आला. गावात तुमची नावं जोडली गेलीच आहेत. आता घरातलं मोठं माणूस पाठव."

दादा जाणार नाहीत. म्हणून रविवारी तू. पहिल्या वर्षापासून जे मागत होतो ते स्वतः चालत आलं, ताई.

इथे पत्र संपवून पाकीट बंद करणार होतो. पण एक लिहायचं ठेवलं.

काल शीतल टेंट हाऊसवर आली. म्हणाली, "गाड्या थांबवल्यास, चांगलं केलंस. मला का अडवलंस? गाडीवाल्यांना चौकातून दुसरा रस्ता तरी होता."

"मी पोरांसाठी बोललो."

"मग नाव माझंच कसं आलं? लोटूच्या बहिणीचं घ्यायचं होतं."

मी सरळ विचारलं, तुला मी नको आहे का. ती म्हणाली, "नको. मांडव घालायच्या आधी विचारलं असतंस तर तेव्हाही हेच सांगितलं असतं, जरा गोड बोलून." मग घरी येऊन फोन आपटला.

आता सांग. खरं सांगितलं तर मांडव जाईल, गाड्या परत येतील, पुन्हा कोणाचा तरी पाय. गप्प बसलो तर शीतल आपल्या घरी येईल, तिची मर्जी नसताना. पोरांसाठी खोटं बोललो की माझ्यासाठी, हे किती उलटसुलट केलं तरी निघत नाही.

शुक्रवार, दुपार

सकाळी शाळेच्या वेळेला मांडवाखाली उभा राहून सगळ्यांसमोर सांगितलं. लग्न नाही, मी खोटं बोललो, शीतलला काही माहीत नव्हतं. धुरपदाबाईने मूठभर बोरं फेकून मारली. "हळद वाया घाली मेल्या." आरसावाला हसत गाडीत बसला आणि सरळ आत घातली. कपडा त्याच्या काचेवर आला.

शीतल फाटकातून चालत आली आणि गाडीसमोर उभी राहिली.

"मॅडम, अब तो शादी भी नहीं है."

"नाही," ती म्हणाली. "शाळा आहे."

तो हॉर्न वाजवत राहिला. निशाची आई येऊन शीतलच्या बाजूला उभी राहिली. मग धुरपदाबाई, टोपलीसकट. मग अजून दोघी-तिघी. शेवटी त्याने गाडी मागे घेतली. सोमवारी काय होईल माहीत नाही. लोटूला बांबू उद्या रावेरच्या एका लग्नाला हवे आहेत, त्याच्याच हाती हे पत्र देतो.

मीही जाऊन तिच्या बाजूला उभा राहणार होतो. पाऊल उचललंही. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, नाही म्हणून. मी होतो तिथेच थांबलो. हे बरोबर केलं का, ताई?

संध्याकाळी निंबाकाकांकडे एकटा जातोय, त्यांच्या पाया पडून सांगायला. त्यांनी मारलं तर बरं वाटेल. ते मारणार नाहीत.

रविवारी मागणी घालायला येऊ नको. नुसती भेटायला येत असशील तर ये.

कोणाचाच नवरदेव नसलेला,
तुझा
भूपू