सूनबाईची तांबी आणि माझा नियम

सौ. विहीणबाई पुष्पावतीबाई यांना काष्टीहून आक्काबाईचा हात जोडून नमस्कार. तुमच्या कमरेला आराम पडला असेल, व्याह्यांची शुगर ताब्यात असेल आणि सोनईत सगळे सुखात असतील असं धरून चालते. फोनच केला असता, पण आमच्याकडे फोन स्पीकरवर लावल्याशिवाय कोणाला ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट यांच्या (म्हणजे आबासाहेबांच्या) कानावर घालण्यासारखी नाही. म्हणून वाल्मिकच्या कांद्याच्या टेम्पोबरोबर चिठ्ठी धाडते.

तुमच्या सुकन्येनं दुसऱ्या मुलीनंतर तांबी बसवून घेतली, हे तुम्हाला ठाऊक असेलच. (मला सगळ्यात शेवटी कळलं. ज्ञानेश्वरलाही आधीपासून ठाऊक होतं, आणि तो माझ्या पोटचा.) मला नातू हवाय हे मी कधी लपवलेलं नाही, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. मी तिला म्हटलं, असलं काही अंगात ठेवणं बरं नव्हे. तर म्हणाली, "आई, तांबं शुद्ध असतं, देवाला चालतं, असं तुमीच सांगता." मी उठून तुळशीला पाणी घालायला गेले.

तेही सोसलं असतं. पण तांबी बसल्यापासून तिच्या पाळीचं वेळापत्रकच बिघडलं. पूर्वी पाचव्या दिवशी न्हाऊन चुलीपुढे हजर असायची. आता आठवडा उलटला तरी पडवीतच. दोन दिवस घरात आली की पुन्हा डाग, पुन्हा पडवी. बोलायलाही सोय नाही, कारण नियम माझाच. मागे एकदा पुरतं थांबायच्या आधी ती स्वयंपाकघरात आली, तेव्हा भावकीतल्या बायकांसमोर मी बजावलं होतं, "येक थेंब जरी दिसला तरी उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई." आणि विहीणबाई, तुमचं वळण इतकं चांगलं की पोरगी माझा शब्द खाली पडू देत नाही. थेंब दिसला की गोधडी उचलते आणि बाहेर. (माझं ऐकायची सवय तिला नेमकी याच बाबतीत आहे.)

तिथं खाटेवर मोबाईल बघत पडलेली असते आणि ताट मी नेऊन देते. कांद्याच्या लागणीला आलेल्या बायकांचा चहा मी करते, धारा मी काढते, भाकरी मी थापते, आणि रात्री गुडघ्यांना तेल लावायला कोणी नाही, कारण लावणारी पडवीत. नवरात्रात पुरण मीच घातलं. पोळ्या तव्यावर फुटल्या आणि घरभर धूर झाला. यांनी ताटाकडे बघून एवढंच विचारलं, "सुकन्या घरात कवा यायची?" मी बाहेर बसायचे तेव्हा माझी अशी वाट या माणसानं एकदाही पाहिली नाही, त्याचं मला फार वाईट वाटलं.

शेवटी तांबी काढून टाका म्हणायला मीच तिला श्रीगोंद्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, सुरुवातीचे काही महिने जास्त जातं, लांबतं, मध्ये डाग पडतात. बहुतेकींचं हळूहळू कमी होतं. रक्त तपासलं, लोहाच्या गोळ्या दिल्या. मग काढायची का, असं विचारलं ते तिला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती म्हणाली, "न्हाई." येताना एसटीत मला खिडकीजवळची जागा दिली, तेवढाच काय तो माझा मान.

तरी आई म्हणून तुम्ही तिला समजवा आणि तांबी काढायला लावा. दोन्ही नाती गुणी आहेत, पण तुम्ही समजून घ्याल. व्याह्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची विहीण,
आक्काबाई

ता. क. वरची विनंती, चिठ्ठी कोणी फोडलीच तर असावी म्हणून लिहिली आहे. तांबी राहू द्या. तुम्ही फक्त तिला निरोप धाडा की सोनईकडे आता कोणी बाहेर बसत नाही, तूही बसू नकोस. हे मी सांगितलं तर भावकीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तुम्ही सांगितलंत तर मला दोन दिवस आरडाओरडा करून गप्प बसता येईल. त्यात तुमच्या घराण्याचा उद्धार होईल, तो मनावर घेऊ नका.

ता. क. पाकिटावर पत्ता सुकन्येकडूनच घालून घेते, माझं अक्षर वाल्मिकला लागत नाही. कागदाला विटाळ नसतो, आणि दुसऱ्याची चिठ्ठी वाचण्यातली ती नाही.

आई, मी सुकन्या. चिठ्ठी वाचली. काळजी करू नकोस, दोन महिन्यांपासून माझं पूर्वीसारखं झालंय, मधले डागही थांबलेत. मोबाईलवर मी शिक्षक भरतीचे तास ऐकते. घरात गेले की कोणी ऐकू देत नाही. सासूबाईंच्या मनासारखा निरोप जरूर धाड, पण पुढच्या महिन्यात माझी परीक्षा झाल्यावर.